शेवटचं फूल गळेपर्यंत

आमच्या काकूनं उमेदीची सगळी वर्षं एका लोखंडी पेटीत उभं राहून काढली. मोठ्या इस्पितळाची लिफ्ट चालवायची ती. आत एक स्टूल होतं, पण स्ट्रेचर आलं की ते बाहेर काढावं लागे, आणि स्ट्रेचर सारखीच येत. त्यामुळे त्या स्टुलावर बहुतेक वेळ वॉर्डबॉयच बसलेला असे. "कितवा मजला?" एवढं विचारायचं, बटण दाबायचं आणि दाराकडे तोंड करून उभं राहायचं. पाठीमागे कुणी रडत असे, कुणी नुकत्या जन्मलेल्या बाळाचं नाक कुणाच्या वळणावर गेलंय यावरून भांडत असे, कुणी डॉक्टरांना शिव्या घालत असे. डॉक्टर हाती लागत नाहीत, म्हणून त्यातल्या अर्ध्या शिव्या लिफ्टवालीच्या वाट्याला येत. काकू ऐकून घ्यायची आणि दार उघडलं की "सावकाश उतरा" म्हणायची.

"तू उलटून बोलत का नाहीस गं?" मी विचारायचे.

"लिफ्टवालीला कुठलं आलंय मत? तिला फक्त मजले असतात."

हे ती हसत सांगायची आणि माझं डोकं फिरायचं. कारण घरीही ती तशीच होती. नावाला थोरली सून, पण तिला काय वाटतं हे कुणी कधी विचारलं नाही आणि तिनं आपणहून कधी सांगितलं नाही. भिंतींना कुठला रंग द्यायचा इथपासून आजीला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं इथपर्यंत सगळं माझे बाबा ठरवायचे. ते तिचे धाकटे दीर. ते ठरवायचे आणि काकू "बरं भाऊजी" म्हणायची. काका गेले तेव्हाही पुढचं सगळं बाबांनीच ठरवलं, आणि ती तेच म्हणाली. माझी आई, म्हणजे तिची धाकटी जाऊ, तिला सांगून सांगून थकली, "ताई, भीड ही भिकेची बहीण असते." काकू त्यावरही "बरं" म्हणायची.

बाबा वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाईट बोलणार आहे. त्यांचा ग्रिल आणि गेट बनवायचा कारखाना होता. आमचं घर म्हणजे एकामागे एक लावलेल्या खोल्या. रस्त्याच्या तोंडाला कारखाना, त्याच्या मागे आम्ही, आमच्या मागे काकूच्या दोन खोल्या आणि सगळ्यात शेवटी अंगण. आजोबांनी वाटण्या करताना खोल्या ज्याच्या त्याला दिल्या होत्या, अंगण मात्र दोन्ही भावांचं मिळून ठेवलं होतं. त्या अंगणात कारखान्याचं भंगार पडायचं. काकूनं काय केलं, तर ते भंगार थोडं थोडं करून भिंतीच्या सावलीला सरकवलं आणि उन्हाची बाजू मोकळी केली. कुणाला विचारलं नाही, पण कुणाच्या डोळ्यांवर येईल इतक्या घाईनंही केलं नाही.

तिथं तिनं लिली लावली. इस्पितळाच्या माळ्यानं मागच्या दारापाशी जुने ठोंब उपटून टाकले होते, त्यातला एक तिनं पिशवीत घालून बसमधून आणला. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, गवत कशाला आणलंत? आपल्याकडे कमी आहे का?" दिसायला ते गवतच होतं, लांब लांब पात्यांचं. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी मधून एक दांडा वर आला, त्याला कळ्या धरल्या आणि एका सकाळी केशरी फूल उमललं. काकू कामावर जाताना तीनदा मागं वळली. संध्याकाळी आली तेव्हा फूल मिटलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा लोळागोळा झालेला. तिला वाटलं, आपल्या हातूनच काहीतरी चुकलं. तोंड पाडून ती माळ्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, ही डे-लिली. एक फूल एकच दिवस. आजचं आज, उद्याचं दुसरं."

हे तिला फार आवडलं. इस्पितळात येणारे लोक वर फुलांचे गुच्छ घेऊन जातात आणि ते आठवडाभर टिकवायची धडपड करतात, पाण्यात साखर घाल, देठ तिरके काप. हिचं तसलं काही नाही. फूल सांभाळायचं नाही, झाड सांभाळायचं. सकाळी उठून कालची मरगळलेली फुलं खुडायची, नाहीतर झाड बी धरत बसतं आणि पुढच्या कळ्यांचा जोर जातो. दांडा सगळा फुलून झाला की बुडातून कापायचा. ठोंब दाटला की उपटून, मुळं धुऊन, त्याचे भाग करून पुन्हा लावायचे. काकूनं हे सगळं शिकून घेतलं. निवृत्त झाल्यावर तर ती सकाळभर अंगणातच असायची. एवढी वर्षं डोक्यावर ट्यूबलाइट असलेली बाई आता उन्हात उभी राहायची, आणि घरातल्या कुणी तिला एवढी खूश कधी पाहिलं नव्हतं. केशरीच्या शेजारी पिवळ्या आल्या, मग विटकरी, मग एक गडद मरून रंगाची, जिच्या पोटात हिरवा उजेड असल्यासारखा दिसायचा. बाबा त्या सगळ्यांना मात्र "वहिनींचं गवत" म्हणत राहिले.

अशात बाबांना गेटांची मोठी कामं मिळायला लागली आणि जागा अपुरी पडायला लागली. तयार गेट रस्त्यावर ठेवावे लागत, पावसात त्यांना गंज चढे, शेजारी कटकट करत. ही अडचण खरी होती. बाबांनी ठरवलं की अंगणात शेड टाकायची. आणि शेड कुठं? तर उन्हाच्या बाजूला, कारण तिकडूनच गल्लीत गाडी लागते. लिली सावलीच्या बाजूला हलवायची. "झाडच आहे, इथं नाही तिथं," असं त्यांचं म्हणणं. सावलीत लिलीला पानं येतात, फुलं येत नाहीत, हे काकूला माहीत होतं. तिनं ते आईला सांगितलं, मला सांगितलं. बाबांना सांगितलं नाही.

एका सकाळी बाबा गवंड्याला घेऊन अंगणात आले. दोरी धरली, चुन्याची रेघ मारली. रेघ बरोबर फुललेल्या ओळींच्या बाहेरून गेली. म्हणजे सगळ्या लिली रेघेच्या आत. काकू हातात पाण्याची झारी घेऊन उभी होती. तिनं बराच वेळ रेघेकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, फुलं आलीत हो. एवढी संपू देत."

समोर गवंडी, दारात कारखान्यातला वेल्डर, खिडकीत आई. एवढी माणसं बघून बाबांच्या अंगात उदारपणा संचारला. छातीवर हात ठेवून म्हणाले, "संपू द्या की वहिनी! घाई कसली? शेवटचं फूल गळेपर्यंत या जागेला कुदळ लागणार नाही. हा माझा शब्द."

बाबांचा शब्द हा आमच्या गल्लीत चेष्टेचा विषय होता. एकदा कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं त्यांच्या मिशा वाकड्या कापल्या. "पुन्हा तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही," असं ते म्हणून गेले, आणि तेव्हापासून केस कापायला बसनं पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात. न्हाव्याशी बोलणं सुरू आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात पोटभर जेवूनही आले. पण पायरी चढले नाहीत. तर असा हा माणूस शब्द देऊन मोकळा झाला, कारण त्याला वाटलं फुलं काय, पंधरवडाभराचं काम. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आई खिडकीतून सगळं ऐकत होती. गवंडी गेल्यावर ती तडक काकूच्या खोलीत आली. "ताई, ऐकलंत ना? शेवटचं फूल गळेपर्यंत. आता गळू देऊ नका!"

काकूनं पलंगाखालून खुरपं काढलं आणि ती बाहेर गेली.

त्या दिवसापासून आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला मी युद्धच म्हणेन, भले एका बाजूला खुरपं असो आणि दुसऱ्या बाजूला दात घासायचा ब्रश. बाबा रोज सकाळी तोंडात ब्रश घालून अंगणात यायचे आणि फूल आहे का बघायचे. फूल असायचंच. फेसानं भरलेल्या तोंडानं "हं" म्हणून परत जायचे. काकू तोवर कालची फुलं खुडून, पाणी घालून, सुकलेली पाती कापून मोकळी झालेली असायची. चहाची भिजलेली पूड ती पूर्वीही मुळाशी घालायची. आता कारखान्यातल्या सगळ्यांच्या चहाची पूड तिच्याकडे यायला लागली. ती आणून देणारा बाबांचाच वेल्डर होता. घरचा भेदी म्हणतात तो असा.

केशरी संपत आली तेव्हा पिवळी जोरात होती. पिवळी ओसरली तेव्हा विटकरीनं दुसऱ्यांदा दांडे टाकले. ही जात तशीच, एकदा फुलून थांबत नाही. पोटाला मिळालं आणि दांडे वेळेवर कापले की पुन्हा येते. पण भर उन्हाळ्यात मध्येच एक आठवडा असा आला की जुन्या दांड्यांवर मोजक्या कळ्या उरल्या आणि नवे दांडे अजून पानांच्या खाली. आईला झोप लागेना. काकू मात्र एका सकाळी पर्स काखोटीला मारून बसनं कुठंतरी गेली आणि दुपारी दोन कुंड्या घेऊन आली. रोपवाटिकेतून उशिरा फुलणारी जात आणली होती, कळ्यांसकट. संध्याकाळपर्यंत कुंड्यांतून काढून ती रेघेच्या आत लावून टाकली.

बाबा भडकले. "हा रडीचा डाव आहे! नवी झाडं आणायचं कुठं ठरलं होतं?"

आई पदर खोचून पुढे झाली, पण तिला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

"भाऊजी, शब्द फुलांचा होता," काकू म्हणाली. "कुठल्या झाडाची, ते तुम्ही बोलला नव्हतात."

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. कोपऱ्यातलं शिवणयंत्र बोललं असतं तरी आम्हाला एवढं नवल वाटलं नसतं. काकूचा चेहरा लाल झाला होता. दोन्ही हात तिनं मातीत घातले. बाबा "हं" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी तोंडात ब्रश नव्हता.

पाऊस आला तशी लिली आणखी माजली. बाबांनी हार मानली नव्हती, पण त्यांच्यात एक गंमत व्हायला लागली होती. रोज बघून बघून त्यांना लिली कळायला लागली होती. उद्या उमलायची कळी आदल्या संध्याकाळी फुगते, तिचा रंग उजळतो, टोक किंचित सैल होतं. हे काकूनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच दिसलं. मग ते संध्याकाळीही यायला लागले. काकू एका बाजूनं कळी बघायची, बाबा दुसऱ्या बाजूनं तीच कळी बघायचे. तिला ती फुगलेली हवी असायची, त्यांना नको असायची.

"ही उद्या नाही उमलत वहिनी. परवा."

"उद्याच."

आणि सकाळी ती उमललेली असायची. क्वचित बाबांचं खरं व्हायचं, तेव्हा ते दिवसभर कारखान्यात शीळ घालायचे. मी तिथं फोन घ्यायला बसत असे, मला ती शीळ ऐकून संताप यायचा. अहो, तुमची सख्खी वहिनी हातातली जागा जाईल म्हणून रोज पहाटे जीव मुठीत धरून दार उघडते, आणि तुम्हाला कळी हरल्याचा आनंद! मी त्यांना हे बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तू गप्प बस. हे माझ्यात आणि वहिनींच्यात आहे." आणि खरं सांगायचं तर ते तसंच होतं. आमच्या घरात त्या दोघांचं एवढं बोलणं आधी कधी झालंच नव्हतं.

एकदा कारखान्यात नवीन लागलेल्या एका कामगाराला मालकाची मर्जी राखायची हुक्की आली. दुपारच्या सुट्टीत तो अंगणात शिरला आणि कळ्यांचा एक अख्खा दांडा मोडून बाबांपुढे धरला. "मालक, एवढ्यानं काम होत असेल तर बाकीचेही मोडतो." बाबांनी तो दांडा हातात घेतला, कळ्यांवरून अंगठा फिरवला आणि असे काही ओरडले की पलीकडचा ग्राइंडर बंद पडला. "शब्द मी दिलाय की तू? चोरून मोडायला मी काय मेलोय?" त्याला त्यांनी त्याच पावली काकूकडे माफी मागायला पाठवलं. म्हणून तर म्हणते, बाबा वाईट नव्हते. त्यांना जिंकायचं होतं, पण आपल्या शब्दानं जिंकायचं होतं. अशा माणसांशी भांडणं फार कठीण असतं.

थंडीची चाहूल लागली आणि काकू तापानं आडवी झाली. आता फुलं विरळ झाली होती. मरूनचे दोन दांडे आणि त्या उशिराच्या जातीचे काही, एवढ्यावरच सगळी मदार होती. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. आई म्हणाली, "ताई, तुम्ही पडून राहा. बाग माझ्याकडे लागली."

आणि आईनं बाग मनापासून सांभाळली. तिथंच घोटाळा झाला. माझी आई स्वच्छतेची भोक्ती. तिच्या हाताखालून गेलेल्या खोलीत सुई पडली तरी दिसते. काकूनं तिला सांगितलं होतं, रोज मरगळलेली फुलं खुडायची. पण डे-लिलीचं मरगळलेलं फूल स्वतःभोवती गुंडाळतं, लांबट होतं, आणि न सरावलेल्या डोळ्याला अगदी कळीसारखं दिसतं. ओळखायचं ते बोटांनी. दाबून पाहिलं तर कालचं फूल मऊ आणि ओलं लागतं, उद्याची कळी टणक. काकूला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं असतं हेच तिच्या ध्यानात आलं नाही. आईनं एका दुपारी दोन्ही हातांनी झाडं साफ केली.

संध्याकाळी ताप जरा उतरला होता. काकूनं विचारलं, "उद्याच्या कळ्या कशा आहेत गं?"

"कळ्या? अहो ताई, झाडं कशी आरशासारखी लख्ख केलीयत! एकही लोंबणारं ठेवलं नाही."

काकू उठून बसली. "खुडलेल्याची बादली आण बरं."

आईनं बादली आणली. काकूनं आत हात घातला. मऊ, मऊ, टणक. मऊ, टणक, टणक. तिनं हात तसाच बादलीत ठेवला. आईला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "माझ्या हातांना आग लागो! एवढे महिने तुम्ही राखलं आणि मी एका दुपारात..."

"अगं, साफ करायला मीच सांगितलं होतं ना," काकू म्हणाली. "रडू नकोस. मला सांगायचं सुचलं नाही."

मी तोवर बादलीतून सगळ्यात फुगलेली कळी शोधून काढली होती. खुडलेली कळीसुद्धा पाण्यात ठेवली तर सकाळी उमलते, हे मी काकूच्याच खिडकीत पाहिलं होतं. मी म्हटलं, "हिला रात्रभर पेल्यात ठेवू. उमलली की बारीक तारेनं दांड्याला बांधू. कारखान्यात तारेला काय तोटा आहे!"

आईनं डोळे पुसले. "बांधू या ताई! एका दिवसाचा तर प्रश्न आहे. परवा खालच्या बारक्या कळ्या येतीलच."

"नको," काकू म्हणाली.

"अगं बाबांना काय कळणार?" मी म्हणाले.

"त्यांना कळेल. आता त्यांना सगळं कळतं." मग ती भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून म्हणाली, "आणि फसवून राखलेली जागा मला नको. फार झालं."

'फार झालं' म्हणजे नक्की काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं तिनं हाय खाल्ली. मला तिचा रागच आला. आईचा नाही, काकूचा. लढाई जिंकत आणून ऐन वेळी हत्यार खाली ठेवायचं, हाच तिचा जन्माचा स्वभाव, असं मी मनात म्हणाले आणि जेवण टाकून उठले.

सकाळी बाबा ब्रश घेऊन आले. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. वाकून पाती बाजूला करून पाहिलं. खरं वाटू नये तसे मरूनच्या उघड्या दांड्यासमोर उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. त्यांना आनंद झाल्यासारखा काही दिसला नाही. तेवढ्यात आई धावत गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, चूक तिची, काकूची नाही, हा दिवस धरायचा नाही.

बाबा चूळ भरून आले. "चूक कुणाची हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "फूल आहे का? नाही. मग शब्द संपला." आणि आत जाऊन त्यांनी गवंड्याला फोन लावला.

दुपारपर्यंत गल्लीत विटांची गाडी लागली. गवंडी दोन मजूर घेऊन आला. पावसात धुऊन गेलेली चुन्याची रेघ त्यानं पुन्हा मारली. मजुरानं कुदळ उचलून खांद्यावर घेतली आणि बाबांच्या इशाऱ्याची वाट बघत उभा राहिला.

काकूच्या खोलीचं दार उघडलं. ती शाल पांघरून बाहेर आली. तीन पायऱ्या भिंत धरून उतरली, रेघ ओलांडून आत गेली आणि पहिल्या ओळीपुढं उभी राहिली.

"वहिनी, अंगात ताप आहे तुमच्या," बाबा म्हणाले. "आत जा. झाडं मी नीट काढून घेतो सगळी. एकही मोडू देणार नाही."

"ताप उतरलाय," काकू म्हणाली. "भाऊजी, हे काम कुणाला विचारून सुरू केलंत?"

बाबा गोंधळले. "विचारून? आपलं ठरलं होतं ना? शेवटचं फूल गळलं की..."

"ते तुमचं ठरलं होतं. तुम्ही शब्द दिलात आणि मोठ्या मनानं पाळलात. दुसऱ्या कुणी पाळला नसता, हे मी चारचौघांत सांगेन. पण मी काय शब्द दिला होता? आठवून सांगा."

बाबा आठवायला लागले. खरोखर आठवायला लागले, त्यांच्या कपाळावर तशा आठ्या पडल्या. त्या दिवशी हजर असलेला गवंडीही आठवायला लागला. दारात येऊन उभा राहिलेला वेल्डर हसू दाबत होता.

"तुम्ही काही बोलला नाहीत," बाबा शेवटी म्हणाले. "गप्प बसलात. गप्प बसणं म्हणजे होकारच ना?"

"आजवर सगळ्यांनी तसंच धरलंय. मीही धरू दिलं. आता धरू नका."

"मग हे एवढे महिने काय चाललं होतं?" बाबांचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. त्यांना लागलं होतं. "रोज पहाटे उठून, पाणी काय, खत काय, बसनं जाऊन कुंड्या काय! तुम्हाला द्यायचंच नव्हतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!"

"माझी छाती नव्हती, भाऊजी," काकू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "तेवढंच खरं आहे. तुमच्यापुढं नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून मी फुलांना पुढं केलं. रोज एक फूल उभं राहायचं आणि माझं तोंड वाचायचं. आज एकही नाही, तर मलाच यावं लागलं."

मी खिडकीचे गज घट्ट धरले होते. काल संध्याकाळी मनात तिच्याविषयी जे जे म्हणाले होते ते सगळं आठवत होतं आणि तरी मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

"तुमची अडचण मला दिसते," काकू पुढे म्हणाली. "गेट गंजतात, शेजारी बोलतात, सगळं खरं. पण हे अंगण दोघांचं आहे. तुम्ही येऊन सांगितलंत, शेड होणार. विचारलं नाहीत. माझे हे असते तर त्यांना विचारलं असतं की नाही?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई विटांच्या गाडीकडे बघत होती, म्हणजे तिकडूनही काही मिळणार नव्हतं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग झाडांकडे. शेवटी त्यांनी घसा साफ केला. मोठ्या भावापुढे उभं राहावं तसे हात पुढे बांधून उभे राहिले. त्यांना असं उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तेव्हा विचारायचं राहिलं, ते आता विचारतो," ते म्हणाले. "वहिनी, या बाजूला मी शेड बांधू का?"

आता ती विरघळणार, असं मला वाटलं. एवढा मोठा माणूस हात बांधून विचारतोय म्हटल्यावर आमच्याकडची कुठलीही बाई विरघळली असती. आईसुद्धा.

"नाही," काकू म्हणाली.

मजुरानं कुदळ खांद्यावरून उतरवली. गवंड्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा काकूकडे, आणि मग तिलाच विचारलं, "बाई, विटा परत नेऊ?"

"न्या," ती म्हणाली.